द्राक्षाची तपासणी होते, फवारणाऱ्याची कधी?

पंप पाठीवर घेतला की मला २०१७ आठवतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. वरून ऐकवलं काय? मास्क घातला नाही, चूक तुमचीच!

आता हे वाचा. युरोपात जाणाऱ्या द्राक्षातलं कीटकनाशक मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत. त्यावर देखरेख पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची.

हेच तंत्र माणसालाही लागू आहे. ऑरगॅनोफॉस्फेट विष अंगात मोडतं, त्याचे अंश लघवीत उतरतात, यंत्र ते पकडतं. शरीरातले असे बारीक रेणू वाचणारं आख्खं शास्त्र आहे, मेटाबोलॉमिक्स. पण हे अंश थोड्या दिवसांतच निघून जातात. नमुना वेळेत घेतला नाही तर पुरावा गेला, अन् चूक पुन्हा आपलीच!

कोणी म्हणेल, यंत्र कोटीचं आहे. भाऊ, केळापुरात यंत्र मागतंय कोण? बाटली, बर्फाची पेटी अन् नमुने प्रयोगशाळेत नेणारी गाडी द्या. फवारणीआधी एकदा, हंगामात एकदा तपासा.

खाणाऱ्याची एवढी काळजी, फवारणाऱ्याची काहीच नाही? येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय. तुमच्याही गावात मांडा.