विधेयक गेले दिल्लीला

गाईबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घालणारे दुरुस्ती विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केले १९९५ मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळून त्याचा कायदा झाला २०१५ मध्ये. मधल्या काळात राज्यात विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. कायदा योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. तो पुढे उच्च न्यायालयातही गेला. पण ज्या सभागृहाने तो केला त्याला निवडून देणाऱ्या मतदारांचे मत वीस वर्षांनी तेच राहिले होते का, हे कोणी विचारले नाही. संमती आली तीही मुंबईत आणि दिल्लीत एकाच पक्षाची सत्ता आल्यावर. याउलट महिलांवरील अत्याचारांबाबतचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन दिल्लीला गेले, आणि त्याचा कायदा काही झाला नाही. त्यात मृत्युदंडाची तरतूद होती, ते केंद्रीय कायद्यांना छेद देणारे होते, असे आक्षेप असू शकतात आणि त्यांत तथ्यही असू शकते. मग ते लेखी कारणांसह, वेळेत विधिमंडळाकडे परत यायला हवे होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर दिलेले मत या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी राज्यपाल वा राष्ट्रपतींना न्यायालय मुदत घालून देऊ शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असे मानताही येणार नाही, असे घटनापीठ म्हणते. राज्यपालांना विधेयक नुसतेच दाबून ठेवता येणार नाही, परत पाठवावे लागेल, आणि विनाकारण फार काळ लोटला तर न्यायालय ‘निर्णय घ्या’ एवढे सांगू शकेल, हेही त्यात आहे. फार काळ म्हणजे किती, हा प्रश्न मात्र पुन्हा तिथेच येऊन थांबला.

त्याआधी ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडूच्या दहा विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले होते. त्या प्रकरणाचा क्रम बोलका आहे. काही विधेयके २०२० पासूनची. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर राज्यपाल आर. एन. रवी यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ती परत पाठवली. १८ नोव्हेंबरला विधानसभेने खास बैठक बोलावून ती जशीच्या तशी पुन्हा मंजूर केली. घटनेनुसार अशा दुसऱ्या खेपेला राज्यपालांना संमती नाकारता येत नाही. ती त्यांनी नाकारलीही नाही. राष्ट्रपतींकडे धाडून दिली. सरकारी कचेरीत नकोशी फाइल ‘वर’ पाठवणारा कारकून ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

घटनेतच एक गंमत आहे. अनुच्छेद २०१ नुसार राष्ट्रपतींनी एखादे विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले, तर विधिमंडळाने सहा महिन्यांच्या आत त्यावर विचार केला पाहिजे. मुदत आहे ती लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला. राष्ट्रपतींना, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाला, कसलीच नाही. राज्यपालांसाठी अनुच्छेद २०० मध्ये ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच म्हटले आहे, आणि तेही विधेयक परत पाठवण्यापुरते. केंद्र-राज्य संबंधांवरील पूंछी आयोगाने २०१० मध्ये सहा महिन्यांची मुदत सुचवली होती. तेव्हापासून दिल्लीत दोन आघाड्यांनी राज्य केले. ही शिफारस दोघांनाही नकोशीच होती. बरे, ही दुरुस्ती करायची तर राज्यांना विचारण्याचीही गरज नाही. निम्म्या राज्यांची मान्यता ज्या तरतुदींना लागते, त्यांच्या यादीत अनुच्छेद २०० आणि २०१ नाहीतच. राज्यांच्या विधेयकांचे काय करायचे, हे राज्यांना न विचारता संसद ठरवू शकते.

केंद्राला राज्यांच्या कायद्यांवर नजर ठेवण्याचे कारणच नाही, असे कोणी म्हणणार नाही. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींच्या संमतीखेरीज तो त्या राज्यात टिकत नाही, आणि ते रास्त आहे. अडचण अशी, की समवर्ती सूची फुगत गेली. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्यजीवांचे संरक्षण, वजनमापे आणि खालच्या न्यायालयांची रचना हे विषय राज्यसूचीतून उचलून तिकडे नेले. जनता पक्षाच्या सरकारने त्या दुरुस्तीचा बराच भाग पुसला, हे विषय मात्र परत आले नाहीत. करांचेही तसेच. वस्तू व सेवा कर परिषदेत सगळी राज्ये मिळून दोन तृतीयांश मताधिकार आहे, पण निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. एक तृतीयांश वजनाचे केंद्र नको म्हणाले की विषय संपला. करांच्या दरांवर विधानसभेत दिवसभर चालणारी चर्चा आता होत नाही ती त्यामुळेच.

आणि तरीही राज्यांची सभागृहे काय करू शकतात, याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राचाच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमीची कल्पना निघाली आणि सांगली जिल्ह्यात तिचा पहिला प्रयोग झाला. बहात्तरच्या दुष्काळात तिची गरज सगळ्यांना पटली. योजनेसाठी पैसा हवा म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकात कापली जाणारी ती दोनशे रुपयांची रक्कम त्याचीच. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारवर टाकणारा असा कायदा तेव्हा देशात दुसऱ्या कुठल्या राज्यात नव्हता. संसदेला त्या वाटेने यायला २००५ साल उजाडले. पागेंचे विधेयक वीस वर्षे दिल्लीच्या कपाटात पडून राहिले असते तर, हा विचार मुदतीच्या विरोधात बोलणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

पण हा अन्याय मांडायला उभे राहणारे सभागृह स्वतः कोणत्या अवस्थेत आहे? अधिवेशनाचा शेवटचा दिवस पाहावा. लक्षवेधी सूचनांची गर्दी उरकून संध्याकाळी विधेयके पुकारली जातात. मंत्री उठतात, विधेयक विचारात घ्यावे म्हणतात, बसतात. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.’ मागच्या बाकांवर कोणी मोबाइलमधून मान वर काढतो. ‘होयचे बहुमत आहे, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत झाले आहे.’ कलमे वाचून आलेले सदस्य हाताच्या बोटांवर मोजता येतील. नागपूर करारानुसार वर्षातून एक अधिवेशन उपराजधानीत भरते. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत गुंडाळले गेले. विदर्भाचे प्रश्न सोडाच, पुरवण्या मागण्यांवरची चर्चाही त्यात धड मावत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिल्यानंतर महाविकास आघाडीने जवळपास दीड वर्ष विधानसभेला पूर्णवेळ अध्यक्ष दिला नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर महायुतीने संख्याबळाचे कारण पुढे करून विरोधी पक्षनेतेपद रिकामे ठेवले. घाईत झालेल्या कायद्याला राज्यपालांनी अडवले की सामान्य माणूस हळहळत नाही, त्याचे कारण इथे आहे. जे विधेयक सभागृहानेच वाचले नाही, त्याच्या इभ्रतीसाठी लोकांनी का भांडावे?

असेही नाही की चांगले काम जमतच नाही. जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, मसुद्यात बदलही झाले. ते बदल पुरेसे होते असे आमचे मत नाही, आणि समितीत बसलेल्या विरोधकांचा आवाज बैठकीत जेवढा चढायला हवा होता तेवढा चढला नाही, हेही खरे. मात्र पद्धत बरोबर होती. ती अपवाद का ठरावी?

राज्यपालांबाबतची भूमिका तर आपल्याकडे बाकांनुसार फिरते. विधान परिषदेवरील १२ नामनियुक्त सदस्यांची यादी ठाकरे मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. वाजवी काळात काय ते कळवणे त्यांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, तरी यादी हलली नाही. सत्ता बदलली, यादी मागे घेतली गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आचारसंहितेच्या तोंडावर सात जणांचा शपथविधी उरकला. तेव्हाच्या विरोधकांना राज्यपालांच्या मौनात विवेक दिसत होता. पण दुसऱ्या राज्यांत वेगवेगळ्या पक्षांना राज्यपाल कसे दिसतात ते पाहिले, की प्रत्येक पक्षाला हे हत्यार दुसऱ्याच्या हातातच तेवढे टोचते, हे कळते.

त्यामुळे घटनादुरुस्तीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. दिल्लीत कोणीही असो, ती होणे कठीण आहे. विधिमंडळाच्या स्वतःच्या हाती असलेली एक गोष्ट मात्र पुढच्याच अधिवेशनात करता येईल. मंजूर झालेले प्रत्येक विधेयक राज्यपालांकडे कोणत्या तारखेला गेले, तेथून दिल्लीला कधी रवाना झाले, केंद्राच्या कोणत्या खात्याने काय शेरा मारला आणि राज्याने त्याला उत्तर दिले की नाही, याचा तक्ता संसदीय कार्यमंत्र्यांनी दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवावा. त्यासाठी ना राष्ट्रपतींची संमती लागते, ना राज्यपालांची. पहिल्या तक्त्यात शक्ती विधेयकाची ओळ असावी.