पोलादाला छत, कापूस उघड्यावर

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ३० डिसेंबर २०२५ रोजी आयात होणाऱ्या सपाट पोलादावर, म्हणजे पत्रे, कॉइल आणि प्लेट यांवर, तीन वर्षांसाठी संरक्षक शुल्क लागू केले. पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी साडेअकरा आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के असा त्याचा उतरता क्रम आहे. दुसऱ्याच दिवशी परदेशी कापसावरील आयात शुल्कमाफीची मुदत संपली आणि १ जानेवारीपासून ११ टक्के शुल्क पूर्ववत झाले. या दोन बातम्या एकापाठोपाठ वाचणाऱ्याचा असा समज होऊ शकतो की, सरकारने कारखानदार आणि शेतकरी या दोघांनाही सारखेच कवच दिले. तलमडुगु मंडलातील कापूस उत्पादकाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. पोलादाला संरक्षण मिळाले ते माल विकायचा असताना. कापसाला ते परत मिळाले तेव्हा बऱ्याच घरांतली पहिली-दुसरी वेचणी बाजारात जाऊन आली होती.

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्याच्या महाराष्ट्राकडील बाजूचे मंडल. पलीकडचा किनवट तालुका १९५६ च्या भाषिक पुनर्रचनेपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. काळी जमीन, पावसावरचे पीक आणि माल घेऊन आदिलाबादच्या बाजार आवारात जाण्याची वहिवाट. येथे पोलाद कारखाना नाही. शेतकरी पोलाद विकत नाही, विकत घेतो. गोठ्यावरचा पत्रा, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे सुटे भाग या सगळ्यांत ते आहे. त्यामुळे पोलाद महाग झाले की येथील घर ग्राहक म्हणून पैसे भरते आणि कापूस स्वस्त झाला की उत्पादक म्हणून गमावते. व्यापारनीतीच्या दोन्ही टोकांना एकच माणूस उभा आहे, हे दिल्लीत बसून दिसत नाही.

पोलादावरील शुल्काची कारणे खोटी नाहीत. चीनमधील घरबांधणी मंदावल्यापासून तेथील गिरण्या उरलेला माल बाहेर ढकलत आहेत. २०२४ मध्ये चीनची पोलाद निर्यात ११ कोटी टनांच्या पुढे गेली. अमेरिकेने २०१८ मध्ये २५ टक्के शुल्क लावले होते. मार्च २०२५ मध्ये सर्व सवलती काढून ते पुन्हा सर्वांवर लादले आणि ४ जूनपासून दुप्पट करून ५० टक्क्यांवर नेले. ही दुप्पट वाढ राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पिट्सबर्गजवळच्या पोलाद कारखान्यात, कामगारांसमोर उभे राहून जाहीर केली होती. एका मोठ्या बाजाराचे दार बंद झाले की तोच माल उघड्या दाराकडे वळतो. भारत २०२३-२४ पासून तयार पोलादाचा निव्वळ आयातदार बनला होता, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये २०० दिवसांचे तात्पुरते शुल्क आले आणि आता ते तीन वर्षांचे झाले.

पण शुल्काचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो? आयात माल महाग झाला की देशी गिरणीला आपला भाव त्या पातळीपर्यंत चढवण्यास जागा मिळते. ही वाढ कामगाराच्या पगारात उतरेलच, अशी अट अधिसूचनेत नसते. पोलाद वितळवणाऱ्या हातांपेक्षा ते वापरणारे हात कितीतरी जास्त असतात. लहान अभियांत्रिकी कारखाने, अवजारे बनवणारे, पत्र्याचे काम करणारे हे सारे वापरणाऱ्यांत मोडतात. अमेरिकेने हा अनुभव पूर्वीही घेतला आहे. धाकट्या बुश यांनी मार्च २००२ मध्ये ३० टक्क्यांपर्यंत पोलाद शुल्क लावले आणि जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरोधात गेल्यावर डिसेंबर २००३ मध्ये ते मागे घेतले. मधल्या काळात तक्रारी करण्यात आघाडीवर होते ते पोलाद विकत घेणारे तेथलेच उद्योग.

आता कापूस. अमेरिकेचे ५० टक्के शुल्क भारतीय मालावर २७ ऑगस्ट २०२५ पासून पूर्णपणे लागू होणार, हे दिसू लागताच तिरुप्पूरसारख्या वस्त्रनिर्यात केंद्रांत धास्ती पसरली. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के शुल्क काढून टाकले. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती. ती लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. चारच दिवस आधी, १५ ऑगस्टला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून शेतकऱ्यांच्या हितासाठी भिंतीसारखे उभे राहण्याची ग्वाही दिली होती. तिरुप्पूरचा शिलाई कामगारही आपलाच आहे आणि त्याच्या रोजगाराची चिंता रास्त आहे, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. वस्त्रोद्योगाला दिलासा देण्याचा खर्च कापूस पिकवणाऱ्याच्या भावातून का वसूल व्हावा? निर्यातदारांना व्याज सवलत देता आली असती, करपरतावा वाढवता आला असता. तो खर्च सरकारी तिजोरीतून गेला असता आणि अर्थसंकल्पात दिसला असता. शुल्कमाफीचा खर्च कोठेही दिसत नाही. तो काट्यावर कापूस मोजताना दिसतो.

हमीभाव आहेच, असे उत्तर दिले जाते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे आणि मागील वर्षाच्या ७,५२१ रुपयांपेक्षा तो चांगला वाढला आहे. मात्र हमीभाव मिळतो तो भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर आणि त्या केंद्राच्या दारात अटींची रांग आहे. मोबाइल ॲपवर नोंदणी आणि वेळ घेणे, ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत असणे, त्यात यंदा आपल्या राज्यासाठी एकरी ७ क्विंटलची मर्यादा. तिच्यावरून नोव्हेंबरमध्ये बराच गदारोळ झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस पडला की कापूस ओला राहतो, हे शेतकऱ्याला ॲपने सांगण्याची गरज नाही. अटीत न बसलेला कापूस खासगी व्यापाऱ्याकडे जातो आणि खासगी भाव हमीभावाच्या खालीच राहिला. परदेशी गाठी विनाशुल्क येत असताना तो वर जाण्याचे कारणही नव्हते.

या अटींना रांगेतला माणूस एकाच नावाने ओळखतो : सीसीआय. आदिलाबादकरांना या तीन अक्षरांत दोन संस्था भेटतात. एक कापूस महामंडळ आणि दुसरी भारतीय सिमेंट महामंडळ, जिचा कारखाना आदिलाबादेत १९८४ मध्ये सुरू झाला आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडला. हे महामंडळ आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेले, २००६ च्या पुनर्वसन योजनेत तांडूर, बोकाजान आणि राजबन हे तीन कारखाने चालू ठेवण्याचे ठरले आणि आदिलाबादचे नाव बंद करावयाच्या यादीत पडले. चुनखडीचे साठे आहेत, जमीन आहे, लोहमार्ग आहे. या तीन गोष्टींची उजळणी प्रत्येक निवडणुकीत होते. राज्यातल्या सत्ताधाऱ्यांनी केंद्राला पत्रे लिहिली, केंद्रातल्या पक्षाच्या उमेदवारांनी कारखाना उघडण्याचे आश्वासन दिले आणि २०२५ मध्ये निविदा निघाली ती यंत्रसामग्री भंगारात विकण्याची. इतक्या वर्षांच्या आश्वासनांनंतर कामगारांच्या कारखान्याचे पोलाद तेवढे बाजारात आले.

आश्वासन तपासण्याची एक साधी रीत आहे : भाषण बाजूला ठेवून कागदावरचे क्रियापद वाचावे. बय्यारमच्या पोलाद प्रकल्पाचे उदाहरण घ्या. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायदा, २०१४ च्या तेराव्या परिशिष्टात लिहिले आहे ते एवढेच की, पोलाद प्राधिकरण खम्मम जिल्ह्यात एकात्मिक कारखाना उभारण्याची व्यवहार्यता सहा महिन्यांत तपासेल. ‘तपासेल’, ‘उभारेल’ नव्हे. व्यासपीठावर मात्र पहिल्या दिवसापासून कारखानाच उभा आहे. मधल्या काळात जिल्ह्यांची फेररचना होऊन बय्यारम महबूबाबाद जिल्ह्यात गेले, खनिजाचा दर्जा कमी असल्याचे केंद्राकडून सांगितले गेले आणि ‘बय्यारम उक्कु, तेलंगणा हक्कु’ ही घोषणा तेवढी शिल्लक राहिली. त्याच परिशिष्टातील कडप्याची गत फारशी वेगळी नाही. तेथे २०१८, २०१९ आणि २०२३ अशा तीन वेळा पायाभरणीचे समारंभ झाले.

‘उक्कु’ हा शब्द येथे परका नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेले निर्मल आणि शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम या परिसरात घडणारे पोलाद इराणी व्यापारी विकत नेत असत. तलवारीसाठी नावाजलेले ते पोलाद स्थानिक खनिजावर, लहान मुशींत, गावच्या कारागिरांनी केलेले होते. पुढे कारखान्यात ओतलेले स्वस्त पोलाद आले आणि हा व्यवसाय संपला. तेव्हा त्या कारागिरांसाठी शुल्क लावण्याचे कोणाला सुचले नव्हते.

कागदावर उतरलेले आश्वासन कसे असते, याचे उदाहरणही जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहे. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली. राज्य सरकारने सवलती लेखी दिल्या, दिवाळखोरी कायद्याखाली जे. के. पेपरने २०१८ मध्ये ती ताब्यात घेतली आणि यंत्रे पुन्हा फिरली. तेथील कामगारांच्या सर्व तक्रारी मिटल्या असे नाही. पण त्या मिटवण्यासाठी भांडायला चालू कारखाना तरी आहे. फरक पडला तो घोषणेने नव्हे, तर कोणती सवलत, किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने, हे ठरल्यामुळे.

पोलादाच्या अधिसूचनेत हे सारे आहे. दर ठरलेले आहेत, तारखा ठरलेल्या आहेत, किती भावाखालच्या आयातीवर शुल्क लागेल तेही ठरले आहे. गिरणीमालक २०२८ च्या एप्रिलपर्यंतचे आपले गणित आज मांडू शकतो. तलमडुगुचा शेतकरी जूनमध्ये सरकी टोचेल तेव्हा दिवाळीत परदेशी कापसावर शुल्क असेल की नसेल, हे त्याला ठाऊक नसेल. कापसाचे शुल्क पेरणी ते विक्री या काळात बदलणार नाही, एवढे एक वाक्य अधिसूचनेत घालण्याची मागणी जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी करण्यास काहीच हरकत नाही. १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जाईल. भंगारात निघालेल्या सिमेंट कारखान्याच्या जमिनीचे पुढे काय करणार, हेही त्याच वेळी विचारता येईल.