वारा फिरला, बेत बदलला

गेल्या ऑक्टोबरात आईला घेऊन एड्रियाटिक समुद्रावरील सात दिवसांच्या क्रूझला गेले होते. आईचे वय ७६. गुडघे कुरकुरणारे, रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात. सहलीच्या कार्यक्रमात क्रोएशियातील ह्वार बेट होते. तेथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते खाडीत नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना ‘टेंडर’ म्हणतात त्या छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत पाऊल टाकता यावे म्हणून आईने तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जिन्याच्या पायऱ्यांवर सराव केला होता.

ह्वारच्या दिवशी सकाळी कप्तानाची घोषणा झाली: वाऱ्यामुळे टेंडर सुटणार नाहीत, हे बंदर रद्द. आई काही बोलली नाही. न्याहारीला आली नाही, दिवसभर पडून राहिली. दुपारी उठली तेव्हा तिची पावले अडखळत होती आणि मला तिने दोनदा एकच प्रश्न विचारला. मन खट्टू झाले आहे, असे मी समजले. संध्याकाळी पाण्याचा पेला भरताना तिच्या उशाशी गोळ्यांची पट्टी दिसली आणि उलगडा झाला. रात्री जहाज हलत होते म्हणून मळमळीची एक गोळी तिने माझ्यासमोर घेतली होती. पहाटे मला न उठवता दुसरी घेतली होती.

वाचकहो, ज्याला आपण रुसवा किंवा निराशा समजतो ते पुष्कळदा औषधाचे काम असते. प्रवासातील मळमळीवर घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या अँटिहिस्टामिन वर्गातील असतात. उतारवयात त्यांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, तोल जातो, क्वचित मनाचा गोंधळ उडतो. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांवरील दाब वाढू शकतो. म्हणून कोणती गोळी, किती आणि किती तासांच्या अंतराने, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच तिचा नीट उपयोग होतो. उलट्या सुरू झाल्यावर एकामागून एक घेतल्याने गुंगी तेवढी वाढते. आईला आम्ही त्या रात्री जहाजावरील डॉक्टरांना दाखवले. त्यांनी रक्तदाब तपासला, पाणी भरपूर पाजायला आणि एकटीला बाथरूममध्ये न जाऊ द्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सावरली.

या समुद्राचे दोन वारे माहीत असले तर निम्मी चिडचिड कमी होते. ‘युगो’ हा आग्नेयेकडून येणारा उबदार, दमट वारा. समुद्राच्या सुमारे ८०० किलोमीटर लांबीभर तो वाहत येतो, म्हणून लाटा उंच होतात, पाऊस येतो आणि व्हेनिसमध्ये पाणी चढते. ‘बुरा’ याच्या उलट. तो ईशान्येच्या डोंगरांवरून थंड आणि कोरडा, झपाट्याने खाली कोसळतो. बुऱ्यात आकाश अनेकदा निरभ्र असते. बाहेर लख्ख ऊन आणि तरीही होडी का नाही, असे आपल्याला वाटते. पण एका झोताने होडी जहाजावर आदळू शकते आणि त्या क्षणी वृद्ध माणसाचे पाऊल दोहोंच्या मध्ये असले तर काय होईल, ते सांगायला नको. जुन्या दुब्रोवनिक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय पुढे ढकलीत, असे सांगतात. घरच्या माणसाला ‘आता तरी उठ, एवढे पैसे भरलेत’ असे म्हणण्यापूर्वी तो शहाणपणा आठवावा.

पुढचे बंदर माँटेनेग्रोतील कोटोर. तेथील किल्ल्यावर जायला सुमारे १३५० पायऱ्या आहेत. आईने वर पाहिले आणि स्वतःच म्हणाली, “आपण खालीच बसू.” सन ११६६ मध्ये पवित्र केलेल्या सेंट ट्रायफन चर्चसमोरच्या चौकात आम्ही दीड तास बसलो. मांजरे येत-जात होती. होडीतून उतरताना खलाशाने आईचा दंड कोपराच्या वर धरला. होडी लाटेवर वर येईपर्यंत थांबायला लावले आणि मगच ‘आता’ म्हणाला. तीन महिन्यांचा सराव तिथे कामी आला.

दुब्रोवनिकला पाऊस होता. तेथील मुख्य रस्त्याचे चुनखडीचे दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत. ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात. तटबंदीवरील सुमारे दोन किलोमीटरची फेरी आम्ही सोडली आणि कमानीखाली कॉफी घेतली.

ज्यांच्या घरी असा बेत शिजत आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी:

• रोजची औषधे चार-पाच दिवस पुरतील एवढी जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत.

• खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात.

• मधुमेह असलेल्यांनी किनाऱ्यावर जाताना बिस्किटे आणि साखर जवळ ठेवावी. परतीच्या होडीला उशीर होतो आणि जेवणाची वेळ टळते.

• जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी थांबत नाही. बंदर रद्द झाल्यास पैसे कुठे परत मिळतात, हे आधीच विचारावे.

• क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. तेव्हा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहावे.

• पायात रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट, चपला नकोत.

परतीच्या विमानात मी आईला विचारले, ह्वार राहून गेले याचे वाईट वाटते का? ती म्हणाली, “वाटते की. पण पायऱ्या चढायची सवय झाली आहे, ती मोडणार नाही.” अजूनही रोज सकाळी ती आमच्या इमारतीचा एक मजला कठडा धरून चढते.