बंब निघून गेल्यावर

पहाटे पावणेसहाला बंब निघून गेला. जवानांनी पाइप गुंडाळले. त्यांच्यातल्या एकानं माझ्या सासूबाईंना खाली पार्किंगमध्ये खुर्चीवर नीट बसवलं, "आजी, आता काळजी करू नका" म्हणाला, आणि गाडी गेटबाहेर पडली. विझवण्याचं काम त्यांनी चोख केलं. पुढं काय करायचं, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचं घर नाशिकमध्ये, जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. तुळशीच्या लग्नाची ती रात्र. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या कोपऱ्यात फ्रिज होता, त्याच्यामागच्या जोड दिलेल्या वायरीनं पेट घेतला. हॉल आणि स्वयंपाकघर जळालं. आतल्या दोन खोल्यांत आग पोचली नाही, पण धूर पोचला आणि नंतर पाणी. माणसं सगळी वाचली, हे आधी सांगते.

मी सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं परिचारिका होते. 'चार्टवर लिहिलं नाही ते दिलंच नाही' असं आम्ही वॉर्डात नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचो. त्या सकाळी माझ्या घराचा चार्ट कुणी लिहिला नाही. मीही नाही.

साडेसहापासून माणसं येऊ लागली. धाकट्या जाऊबाई, भाचा, समोरच्या काकू, खालच्या मजल्यावरची दोन मुलं. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या बादली, कुणी गोणपाट आणलेलं. मला जिन्यात बसवलं, हातात चहाचा कप दिला आणि "ताई, तुम्ही आत बघू नका" म्हणून सगळे कामाला लागले. ते जळकं घर माझ्या नजरेला पडू नये म्हणून त्यांची धडपड चालली होती. बारा वाजेपर्यंत फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सोफ्याचा सांगाडा, वितळलेला पंखा, कपाटासकट भांडी, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं होतं. भाच्यानं बाराशे रुपये आणून माझ्या हातात ठेवले.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. तरुण मुलगा, बोलायला सभ्य. धुऊन काढलेल्या काळ्या भिंतींच्या मधोमध उभा राहून त्यानं विचारलं, "काकू, सामान कुठंय?" फ्रिज किती लिटरचा होता, कुठल्या साली घेतला, मागच्या पट्टीवरचा नंबर काय, बिल आहे का? बिलं ज्या ड्रॉवरमध्ये होती तो ड्रॉवरच जळाला होता. "जळालेला का होईना, फ्रिज दिसला असता तर मला लिहिता आलं असतं," तो म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं. न पाहिलेली वस्तू तो कशी लिहिणार?

म्हणून माझं म्हणणं अगदी ठाम आहे. घर जळालं की सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही. अग्निशमन दलानं आत जायला हरकत नाही म्हटल्यावर आधी फोन घेऊन आत जायचं. दारात उभं राहून चारही भिंती, छत, जमीन यांचे फोटो काढायचे. प्रत्येक कपाट उघडून आतला फोटो, प्रत्येक यंत्राच्या मागच्या पट्टीचा फोटो. व्हिडिओ काढताना तोंडानं बोलत जायचं: हा फ्रिज, ही शिलाई मशीन, या कपाटात अमुक साड्या होत्या. दारं-खिडक्या उघड्या राहिल्या असतील तर ताडपत्री लावावी, कुलूप घालावं, गळणारा नळ बंद करावा. नुकसान वाढू न देणं हे विमा कंपनीलाही अपेक्षितच असतं. वाट अडवणारं सामान गॅलरीत किंवा गच्चीत झाकून ठेवा, पण घराबाहेर जाऊ देऊ नका. कंपनीला त्याच दिवशी फोन करा, मागोमाग ईमेलही करा. पोलिस ठाण्यात 'अकस्मात जळीत' म्हणून नोंद होते, तिची प्रत मागून घ्या. अग्निशमन दलाकडे अर्ज करून आगीचा दाखला घ्या. मी शिंगाडा तलावाजवळच्या केंद्रात गेले होते. हा दाखला पुढं प्रत्येक टेबलावर मागितला गेला.

पॉलिसीबद्दल एक गोष्ट मला साठी उलटल्यावर, तीही घर जळाल्यावर कळली. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे आहे. आमच्या यजमानांनी तीच घेतली होती आणि आमची समजूत अशी, की विमा फक्त भिंतींचा. प्रत्यक्षात बांधकामाचा विमा असला की घरातलं सामान्य सामान आपोआप धरलं जातं: बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. वीस लाखांच्या घरामागं चार लाखांचं सामान. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडं राहण्याचं भाडं मिळतं. राडारोडा उचलण्याचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. ज्यांचं गृहकर्ज फिटलं आहे त्यांनी कर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी अजून चालू आहे का, हे आज संध्याकाळीच बघावं. सोसायटीनं इमारतीचा आगीचा विमा उतरवावा असं आदर्श उपविधींत आहे. तुमच्या सोसायटीनं उतरवला आहे का, हे वार्षिक सभेत विचारा.

माझं गेलेलं सामान थोडंफार परत मिळालं ते सत्यनारायणामुळं. वर्षापूर्वी घरी पूजा झाली होती आणि भाचीनं शंभरेक फोटो काढले होते. चौरंगामागं फ्रिज, प्रसाद वाटणाऱ्या जाऊबाईंच्या खांद्यावरून टीव्ही, काचेचं शोकेस, त्यातली पितळेची समई. पुतण्याच्या मुंजीच्या व्हिडिओत शिलाई मशीन सापडलं. मी नातेवाइकांना फोन करून प्रत्येकाकडचे आमच्या घरातले फोटो मागवले आणि छापून फाइलला लावले. सर्व्हेअरनं ते मान्य केले, निदान बरेचसे. ज्यांच्याकडं आज सगळं शाबूत आहे त्यांनी पाच मिनिटांत घराचा एक व्हिडिओ काढून मुलाला किंवा बहिणीला पाठवून ठेवावा.

आता जीवाचं. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. सकाळी "मला काही झालं नाही" म्हणत होत्या. कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आला, सगळे निश्चिंत झाले. मी झाले नाही, कारण त्या यंत्राला रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडमधला फरक कळत नाही. बंद खोलीतल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि तो रक्तात भिनलेला असताना आकडा चांगला दिसू शकतो. धुरानं सुजलेली श्वासनलिका काही तासांनीही त्रास देऊ लागते. संध्याकाळी त्यांचा आवाज बसला, धाप लागली, नेब्युलायझेशन द्यावं लागलं. आवाज घोगरा होणं, थुंकीत काजळी दिसणं, डोकं दुखणं, गुंगी येणं, यातलं एकही दिसलं तरी डॉक्टरांकडं जा आणि 'धुरात होतो' असं स्पष्ट सांगा. लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध माणूस आणि दम्याचा रुग्ण यांना मात्र लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दाखवा. घरातली औषधंही पुन्हा वापरू नयेत. धग लागलेलं इन्सुलिन दिसायला जसंच्या तसं असतं, पण त्याचा भरवसा राहत नाही.

डब्यांतलं धान्य, वर्षभराच्या कुरडया-पापड टाकून द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. अन्न टाकायचं नाही, हे त्यांनी दुष्काळात शिकलेलं. मी त्यांच्याशेजारी बसून एकेक डबा उघडला, वास दाखवला. प्लॅस्टिकचे डबे धुराला थोपवत नाहीत. शेवटी त्यांनीच मेतकुटाचा डबा पिशवीत रिकामा केला आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

काजळीबद्दल आम्ही आणखी एक चूक केली. आतल्या खोल्यांच्या भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या. कोरडी काजळी मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूम क्लीनरनं अलगद निघाली असती. ओली झाल्यावर ती तेलासारखी भिंतीत मुरली. वायरींवरच्या प्लॅस्टिकच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं. न जळालेल्या कपाटातली स्टीलची भांडी पंधरा दिवसांत डागाळली, नळ गंजले. न जळालेला कॉम्प्युटर 'चालतोय का बघू' म्हणून मुलानं लावला आणि तो कायमचा गेला. काजळी बसलेलं कुठलंही यंत्र कारागिरानं उघडून साफ करेपर्यंत प्लगला लावू नका. घराची वीजही परवानाधारक वायरमननं मेगरनं तपासल्याशिवाय चालू करू नका, शेजाऱ्यांच्या घरातून तात्पुरती वायर ओढणं तर नकोच.

स्लॅबची गोष्ट सोसायटीत भांडण लावून गेली. छताचं प्लास्टर पडून सळया दिसत होत्या. कंत्राटदार म्हणाला, चार दिवसांत प्लास्टर, पुट्टी, रंग, कळणारसुद्धा नाही. ते न कळणं हाच धोका आहे. काँक्रीट सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापलं की त्याची ताकद उतरू लागते, कधीकधी त्याचा रंगही गुलाबीसर होतो. प्लास्टर झालं की हे काहीच दिसत नाही. माझं छत म्हणजे वरच्यांची जमीन, तिथं त्यांचं दोन वर्षांचं मूल खेळतं. स्ट्रक्चरल इंजिनीअर येईपर्यंत मी कुणाला थापी लावू दिली नाही. त्यानं ठोकून, रिबाउंड हॅमर लावून तपासलं आणि स्वयंपाकघरावरचा भाग दुरुस्त करायला लावला. खर्चावरून दोन महिने कुरबुर झाली. होऊ दे.

पत्र्याच्या डब्यात सासूबाईंनी साठवलेल्या नोटा होत्या, कडा कोळसा होऊन एकमेकींना चिकटलेल्या. त्या सुट्या करायला जाऊ नका, चुरा होतो. इतक्या जळालेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. आपल्या राज्यात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथं आहेत. मी डबा कापसात गुंडाळून मुंबईला नेला.

आग गॅसमुळं लागली असेल तर वितरकाला ताबडतोब लेखी कळवा. तेल कंपन्यांचा विमा असतो, त्यासाठी आपण वेगळा हप्ता भरत नाही. नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला त्यात २ लाखांपर्यंत तरतूद आहे. हे माहीत नसल्यामुळं कितीजण मागतच नाहीत.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटात आगीशी झुंजताना मेलेल्या जवानांची ती आठवण. शाळाशाळांत सिलिंडरवर ओलं गोणपाट कसं टाकायचं ते दाखवतात, तेही हवंच. पण दुसऱ्या दिवसाबद्दल कुणी बोलत नाही. माझी मागणी छोटी आहे. राज्यातल्या प्रत्येक अग्निशमन दलानं बंब परत नेताना घरच्यांच्या हातात मराठीत छापलेला एक कागद ठेवावा: आत कधी जायचं, काय हलवायचं नाही, कुणाला दवाखान्यात न्यायचं, दाखला कुठं मिळेल, विमा आणि वीज कंपनीला काय कळवायचं. त्या घडीला माणसाला ऐकलेलं काही आठवत नाही. हातातला कागद चार तासांनी तरी वाचला जातो.

तोवर तसा कागद मी हातानं लिहून आमच्या तिन्ही इमारतींच्या जिन्यात लावला आहे. गेल्या महिन्यात पलीकडच्या इमारतीत देवघर पेटलं, शेजाऱ्यांनीच विझवलं. मी वही घेऊन गेले तेव्हा त्या घरातल्या सूनबाईंची आई पदर खोचून झाडायला वाकली होती. मी तिच्या हातातला केरसुणीचा मुठा काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं आणि सूनबाईंकडं फोन मागितला.