तीच चाल, तीच बाई

भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर बाया देठं तोडायला बसतात, तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर गाणी सुरूच असतात. गेल्या हंगामात बचत गटाच्या कामासाठी मी तिथे गेले होते. पोती उचलणारी दोन पोरं एमसी स्टॅनवरून भांडत होती. एकाचं म्हणणं, २०२२ चा ‘इन्सान’ म्हणजे २०२० चा ‘तडीपार’च. मशिनीतून काढलेला तोच आवाज, तोच ठेका, फक्त नाव नवं. दुसरा म्हणे, चाल बदलली आहे, तुलेच ऐकता येत नाही. अर्धा तास वाद चालला. शेजारीच मिरचीच्या खाटीत खोकत बसलेल्या वीस-पंचवीस बायांना कोणी विचारलं नाही, की तुम्हाला काय वाटतं? मलाही नाही. म्हणून माझं उत्तर इथे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, मलाही ते सगळं एकसारखंच वाटतं. पण माझी तक्रार चालीबद्दल नाही.

चाल परत परत येणं हा काही गुन्हा नव्हे. हिप हॉपचा जन्मच त्यातून झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला एक पार्टी ठेवली. तिचा भाऊ कूल हर्क रेकॉर्डमधला ठेक्याचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. त्यावर लोक नाचले, बोलले आणि एक कला उभी राहिली. (भावाचं नाव जगाला माहीत आहे, बहिणीचं किती जणांना?) आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं काय वेगळं होतं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. चाली मोजक्याच, पण प्रत्येक बाईने त्यात स्वतःचं सासर, स्वतःचा राग, स्वतःची सीता घातली. चाल तीच राहिली, बाई मात्र दरवेळी नवी.

या अल्बमांत नेमकं उलटं घडतं. पुण्याच्या वस्तीतून आलेल्या या पोराचा राग मला परका नाही. गरिबी, अपमान, लोकांची तुच्छ नजर हे तो बोलतो तेव्हा खरं बोलतो, म्हणूनच आमच्या पोरांना तो आपला वाटतो. पण त्याच्या गाण्यांतली बाई? एक आई, ती देव्हाऱ्यात. आणि एक पोरगी, ती धोकेबाज. ठेका बदलो, संगीत गोड होवो, या दोघींपलीकडे तिसरी फारशी भेटत नाही. आणि धोका दिला म्हणतात त्या पोरीचं म्हणणं तर कुठेच ऐकू येत नाही.

कोणी म्हणेल, गाणंच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं! एकदा ऐकलं तर ते गाणं असतं. हजारदा ऐकलं की तो गावाचा नियम होतो.

माझ्या कामात आलेली एक घटना सांगते. अकरावीतल्या एका मुलीने मागे लागलेल्या मुलाला स्पष्ट नकार दिला. त्याने तिचा फोटो स्टेटसला ठेवला, खाली धोकेबाज पोरींवरचं गाणं लावलं. दोन दिवसांत मित्रांनीही तेच केलं. मेसेज थांबेनात. आम्ही तक्रार द्यायला गेलो, तर ‘पोरंच आहेत, समजावून सांगतो’ म्हणून परत पाठवलं. वास्तविक बाईने नकार दिल्यावरही तिचा पिच्छा पुरवणं हा गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पण कॉलेज बंद झालं ते मुलीचं. घरच्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. ती मला म्हणाली, “ताई, म्या नाई म्हटलं तं मी धोकेबाज कशी झाली? धोका द्याले आधी हो म्हणा लागते ना!”

गुन्हा त्या मुलाचा आहे, गायकाचा नाही. पण बोलायला शब्द त्याला तयार मिळाले होते, आणि गावालाही ते पाठ होते.

मग गाणी बंद पाडायची का? मुळीच नाही. मार्च २०२३ मध्ये इंदूरला करणी सेनेने शिव्या आणि स्त्रियांचा अपमान ही कारणं देऊन एमसी स्टॅनचा कार्यक्रम उधळला. बाईच्या अब्रूचे हे राखणदार आपले सोबती नव्हेत. नकार देणाऱ्या मुलीच्या बाजूने ते कधी उभे राहतात? पुढच्याच महिन्यात सत्ताधाऱ्यांवर रॅप केला म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर गुन्हा दाखल झाला. म्हणजे खपलेलंच पुन्हा गायलं तर बाजार टाळ्या वाजवतो, वेगळं बोललं तर पोलीस दारात. नवं गाणं येणार कुठून?

ते आपल्याला आणावं लागेल, आणि इथे थोडं स्वतःकडेही बघू. आमच्या ८ मार्चच्या कार्यक्रमात मी एम.एस.डब्ल्यू. करताना शिकले तीच गाणी आजही आम्ही म्हणतो. मागच्या वर्षी एका पोरीने विचारलंच, “ताई, तुमचंबी दरसाल थेच राह्यते ना?” मला राग आला, मग लाज वाटली. ती गाणी खोटी नाहीत, पण त्यांत स्टेटसवर बदनाम झालेली मुलगी नाही. सातऱ्यावर हाताची आग होणारी बाई नाही.

रॅप काही पुरुषांच्या मालकीचा नाही. आदिवासी समाजातली माही जी जंगलावर, उन्हाच्या झळांवर रॅप करते. गोवंडीची सानिया मिस्त्री आपल्या वस्तीवर करते. त्यासाठी एक मोबाइल आणि ऐकणारी चार माणसं पुरतात. ऐकणारी माणसं तर आपण आहोतच.

त्या अकरावीच्या मुलीने वहीत काही ओळी लिहिल्या आहेत. त्या तिच्या आहेत, म्हणून इथे देत नाही. येत्या ८ मार्चला ती त्या म्हणणार आहे, ठेका सातऱ्यावरच्या बाया टोपल्यांवर धरणार आहेत. चाल कुठलीही असो, उधारीची असली तरी चालेल. बाई मात्र तिची स्वतःची असेल. तुमच्या गावातही एखादी वही कुठेतरी दडवून ठेवलेली असणार. ती शोधा.