खाडीची नाडी

नाडी पाहायची तर वैद्यबुवा सकाळी अनशापोटी बोलावतात. भरल्या पोटी नाडी खरे बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी राहतो नवी मुंबईत, करावे गावाच्या शेजारी. आमच्या ठाण्याच्या खाडीचेही नेमके असेच आहे. भरतीला पाहावी तर प्रकृती ठणठणीत! समुद्राचे ताजे पाणी आत येते, सांडपाणी पातळ होते आणि बाटलीतला नमुना 'सर्व क्षेम' म्हणतो. सहा तासांनी ओहोटीला तीच खाडी काळवंडते. म्हणून एका बाटलीवरून निदान करू नये. भरतीची वेगळी, ओहोटीची वेगळी, आणि तीही वर्षानुवर्षे घ्यावी.

बाटलीत पाहतात तरी काय? मुख्यतः जमाखर्च. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ही जमा; घाण कुजताना जो प्राणवायू खाते तो खर्च. हा खर्च २७ अंशांवर ३ दिवस नमुना ठेवून मोजतात. किनाऱ्यावरचे पाणी स्नानायोग्य ठरायला लिटरमागे जमा निदान ४ मिलिग्रॅम हवी आणि खर्च ३ च्या वर नको, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. गृहिणींना हा हिशेब समजावून सांगायला नको!

"पण रोहित पक्षी येतात ना?" असे पुष्कळजण विचारतात. येतात, हजारोंनी येतात. २०१५ साली इथे त्यांचे अभयारण्य झाले, २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. परंतु ज्या शेवाळावर ते पोसतात ते सांडपाण्याच्या खतावरच फोफावते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पंगतीच्या गर्दीवरून यजमानाची तब्येत कशी कळावी? शिवाय २०२४ च्या एप्रिलात नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ काही रोहित मेलेले आढळले. भरतीचे पाणी यायची वाट अडल्याने तलाव सुकला, अशी निसर्गप्रेमींची तक्रार होती.

करावे गावातली आमची मासळीवाली मावशी याहून सोपे बोलते. "साहेब पानी नेतान, चिखल कोन नेनार?" तिचा प्रश्न बिनतोड आहे. पाणी वाहून जाते. कारखान्यांतून आलेले जड धातू गाळात बसून राहतात. निवटी त्या गाळातच राहते, चिंबोरी त्यातच बीळ करते, आणि दोन्ही शेवटी कुणाच्या तरी ताटात येतात. तेव्हा बाटलीबरोबर गाळही तपासावा, आणि कुठली मासळी कुठून नाहीशी झाली याची मावशीची तोंडी वहीसुद्धा कुणीतरी लिहून घ्यावी.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, तर ओहोटी ऐन दिवेलागणीला. आणि दिवस उधाणाचे असल्याने पाणी पार मागे हटलेले. वाचकहो, यंदा आपण लक्ष्मीपूजनाला बसाल तेव्हा खाडीचा तळ उघडा पडलेला असेल. पूजा आटोपली की पाच मिनिटे काठावर जाऊन या. वास आला तर नाक दाबू नका. तोच तिचा खरा अहवाल आहे.