छपराची नोंदवही कोण ठेवणार?

भोर आणि वेल्हे हे पावसाचे तालुके. वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात, पण नाव बदलल्याने पाऊस बदलत नाही. हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, पानशेतच्या वरच्या अंगाला चार महिने छप्पर नीट असेल तरच शाळा भरते. कौले गळू लागली की सोपा उपाय म्हणजे सिमेंटचा पत्रा. तो स्वस्त पडतो, गंजत नाही, त्यावर पाऊस टिनासारखा बडवत नाही. म्हणून तो वर्गावर आला, पोषण आहाराच्या किचनशेडवर आला, स्वच्छतागृहावर आला.

या पत्र्याच्या नावात अर्धेच सत्य आहे. जुन्या पत्र्यांमध्ये सिमेंटला धरून ठेवणारा तंतू बहुधा ॲस्बेस्टॉसचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून नोंदवले आहेत. डोळ्यांना न दिसणारा हा तंतू श्वासातून फुप्फुसात जातो आणि तिथेच राहतो. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होऊ शकतो. आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे जातात.

"आम्ही याच पत्र्याखाली शिकलो, आम्हाला काय झालं?" या वाक्यात म्हणूनच दम नाही. सहा वर्षांच्या मुलाने आज ओढलेल्या धुळीचा हिशेब त्याच्या पंचेचाळिशीत लागणार. तोवर तो पुण्याला किंवा मुंबईला गेलेला असेल, आणि तिथला डॉक्टर त्याला तंबाखूबद्दल विचारेल, शाळेच्या छपराबद्दल विचारणार नाही.

आपल्या कायद्याला हे सगळे ठाऊक आहे. कामगार कायद्यात ॲस्बेस्टॉसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा काम सोडल्यावर 15 वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला तोच पत्रा शाळेवर चढला की मात्र नोंद संपते. पत्रा बनवणाऱ्यासाठी चाळीस वर्षांची नोंदवही, आणि त्याखाली पाढे म्हणणाऱ्या पोरासाठी एक पानही नाही!

अमेरिकेने 1986 मध्ये शाळांसाठी स्वतंत्र कायदा केला. शाळेत ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचे, त्याचा आराखडा तयार करायचा, दर सहा महिन्यांनी नजर टाकायची, दर तीन वर्षांनी फेरतपासणी करायची, आणि आराखडा पालकांना पाहू द्यायचा. इतके लांब नको असेल तर केरळ बघा. तिथल्या राज्य मानवी हक्क आयोगाने 2009 मध्येच सरकारी शाळांवरची ही छपरे टप्प्याटप्प्याने काढायला सांगितले.

याचा अर्थ उद्या सकाळी गावाने हातोडे घेऊन छपरावर चढावे असा नाही. तसे केले तर आजारापेक्षा उपाय घातक. न फुटलेल्या, घट्ट पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. ते सुटतात पत्रा कापताना, भोक पाडताना, शेवाळ तारेच्या ब्रशने घासताना, आणि माकडांच्या उड्यांनी किंवा वळवाच्या वाऱ्याने तो फुटल्यावर. म्हणजे उन्हाळी सुट्टीत पालक आणि शिक्षक श्रमदान म्हणून जे हौसेने करतात, नेमके तेच.

सर्वांत मोठा धोका निर्लेखनाचा आहे. खोली मोडकळीस आली की ठराव होतो, अभियंता अहवाल देतो, खोली पाडली जाते आणि जुन्या साहित्याचा लिलाव होतो. कुणाचा तरी गोठा, कुणाचा तरी पडवीचा आडोसा त्या पत्र्यांनी झाकला जातो. फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून पडतात. पानशेतची समूह शाळा 2023 मध्ये राज्यापुढे नमुना म्हणून ठेवली गेली. लहान शाळा बंद करण्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण ओस पडणाऱ्या खोल्यांवरच्या पत्र्यांचे काय, हे त्या वादात कुणी विचारले?

"पटसंख्याच नाही, खर्च कशाला?" असेही म्हणतील. उलट आहे. बंद शाळेचा पत्रा सांभाळायला कुणी नसते, तो आधी फुटतो आणि आधी चोरीला जातो. आणि पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक शाळेने वहीत लिहावे: कोणत्या खोलीवर कोणता पत्रा, केव्हा बसवला, कुठे तडा आहे. शंका असेल तिथे तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चालावे. त्याला भोक पाडायचे नाही, घासायचे नाही, असे भिंतीवर रंगवावे. काढायचाच झाला तर सुट्टीत, मुले नसताना, पाणी मारून ओला करून, बोल्ट सोडवून, अख्खा उतरवावा. कामगाराला रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा मास्क द्यावा आणि त्याचे कपडे घरी धुवायला पाठवू नयेत. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावेत. असे केंद्र याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला आहे. लिलावाच्या यादीतून हा पत्रा कायमचा वगळावा.

हे फक्त जिल्हा परिषदेला सांगून भागणार नाही. आपल्याकडे मदरशाच्या पडवीवर, मशिदीच्या वुजूखान्यावर, तसेच देवळाच्या सभामंडपावरही हाच पत्रा आहे, आणि तो बहुतेकदा कुणीतरी सवाबच्या किंवा पुण्याच्या भावनेने दिलेला असतो. देणाऱ्याच्या नियतवर शंका नाही. पण मूल ही आपल्या हाती सोपवलेली अमानत आहे, आणि चांगल्या नियतने दिलेली विषारी वस्तू विषारीच राहते. पत्रे दान करणाऱ्यांनी यापुढे बिल मागावे आणि त्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे लिहून घ्यावे. असे पत्रे बाजारात मिळतात.

शिक्षण हक्क कायद्याने शाळांना व्यवस्थापन समिती दिली आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम त्या समितीवर सोपवले. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. भोर-वेल्ह्यातल्या पालकांनी पुढच्या बैठकीत छपराचा विषय आराखड्यात घालावा आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घेऊन द्यावी. मुंबई-दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. वही उघडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.